भात शिजेपर्यंतची गोष्ट

पातेल्यावरचं झाकण खडखडलं आणि राहीची लेखणी अडली. गोष्टीतल्या यमूचा आजा अजून मरायचाच होता.

"सूनबाई, भात लागतोय," ओटीवरून सासूबाई आवडाबाई म्हणाल्या. "नाक माहेरी विसरून आलीस की काय?"

रेवदंड्याच्या या घरात राहीनं कादंबरीची अकरा प्रकरणं लिहिली ती पडवीत, महिन्याच्या त्या तीन दिवसांत. घोंगडीवर बाजूला बसलं की चूल नाही, पाणी नाही. "विटाळात सरस्वतीला हात लावतेस?" म्हणून सासूबाई एकदा ओरडल्या होत्या. "कोरेच आहेत हो कागद," राही म्हणाली, तेव्हा त्या पुटपुटत आत गेल्या होत्या. दुसऱ्या बायका त्या दिवसांना कंटाळत. राही वाट बघे.

मग दिवाळीला नवरा मुंबईहून आला, सुट्टी संपताच रेवसहून बोटीनं परत गेला, आणि राहीला दिवस गेले. सासूबाईंनी दृष्ट काढली. राहीही हसली, पोटाशी हात नेला. पण घोंगडी घडी होऊन माळ्यावर गेली. कादंबरीतली यमू तेव्हा रेवसच्या धक्क्यावर उभी होती, मुंबईला पळून निघालेली. आता बाळंतपण, मग अंगावरचं पोर. दोन वर्षं तरी तिला बोट मिळणार नव्हती.

म्हणून गोष्ट. भात शिजेपर्यंत मावेल एवढीच. पण हाताला वळण कादंबरीचं. आजा, घर, लग्न सांगेपर्यंत भात करपायचा.

दुसऱ्या दिवशी तांदूळ वैरून तिनं आजा खोडला. मग घर. लग्न खोडताना हात जरा थांबला, तेही खोडलं. उरली एकटी यमू. एक पाय बोटीत, एक धक्क्यावर, आणि ओहोटीचं पाणी बोट हळूहळू लांब ओढतंय. राहीनं तेवढंच लिहिलं. झाकण वाजायच्या आत संपलंसुद्धा. तिनं निखारे मागे ओढले. तिला पुन्हा पडवी हवीशी झाली, ती घोंगडी, ते कुणी न शिवणं.

तेवढ्यात तिची पाच वर्षांची लेक नलू मागून गळ्यात पडली. 'आईला कावळा शिवलाय' म्हणून त्या दिवसांत हिला उंबऱ्यापलीकडे धरून ठेवत. रडून रडून झोपायची. आता दिवसभर चिकटलेली असे.

"आई," तिनं कानाशी तोंड आणून विचारलं, "तुला कोण शिवलेलं आवडतं गं? कावळा की मी?"