मुक्काम पोस्ट डावी नडगी

मित्रांनो, मी एक जुना शिशाचा कण आहे आणि गेली एकवीस वर्षे एका बाईच्या डाव्या नडगीत राहतो. तुम्ही फाटक्या छत्रीचे, म्हाताऱ्या घोड्याचे मनोगत ऐकले असेल. ती मंडळी उपकारकर्ती असतात आणि जग आपल्याला विसरले म्हणून डोळ्यांत पाणी आणतात. माझी गोष्ट उलटी आहे. मी विष आहे, आणि जगाने मला विसरू नये पण उठवूही नये, एवढेच माझे मागणे आहे.

माझा जन्म खाणीत, चांदीच्या शेजारी झाला. शेजार चांगला असला म्हणजे आपणही चांगले होतो असे नाही. पुढे मी पाण्याचा नळ झालो, मग गाडीच्या बॅटरीत गेलो आणि शेवटी कुणीतरी मला वितळवून मासे पकडायच्या जाळ्याची गोळी केले. वाटाण्याएवढी गोळी, पोटात एक चीर. जाळ्याची खालची दोरी त्या चिरेत घालायची आणि गोळी दाबून बंद करायची, म्हणजे जाळे पाण्यात सरळ उभे राहते. तिथे माझे फार कौतुक झाले. जड, मऊ आणि जागचा न हलणारा! एवढ्या गुणांवर माणसांत लोक अध्यक्ष होतात.

बंदराजवळ, इंजिनदुरुस्तीच्या शेडवर दोन खोल्यांचे घर होते. खाली नवरा बोटींची इंजिने उघडून बसायचा, वर बायको खिडकीपाशी जाळी विणायची. तिच्या गाठी इतक्या पक्क्या, की अख्खी गल्ली तिला गाठआत्या म्हणे. आणि ही गाठआत्या गोळ्या दातांनी बंद करायची. दोरी चिरेत, गोळी दाढेखाली, कट्! दिवसाला तीनशे.

एकदा नवऱ्याने नवी पक्कड आणून दिली.

"अगं, दात आहेत की अडकित्ता? ही घे."

"अहो, तुमच्या पक्कडीला दोरी कळते का? ती गोळीबरोबर दोरीही चेचते. दाताला बरोबर कळतं कुठे थांबायचं."

"दात पडले म्हणजे?"

"म्हणजे तुमची पक्कड तोंडात बसवून घेईन."

पक्कड खिळ्यावर गेली. वर्षातून दोनदा बरणीचे झाकण उघडायला खाली यायची.

अशाच एका सकाळी, अकराच्या सुमारास, मी तिच्या दाढेखाली गोळीवरून कणभर खरवडला गेलो आणि पोटात गेलो.

आता मित्रांनो, शरीराची व्यवस्था ऐका, कारण ती माझ्याविरुद्ध आहे आणि तरीही मला तिचे कौतुक वाटते. या व्यवस्थेचा सगळा जीव दोन मूत्रपिंडांत. कमरेच्या जरा वर, पाठीला टेकून बसलेली ही जुळी भावंडे रात्रंदिवस रक्त गाळतात. उजवे किंचित खाली बसते, कारण वर यकृत ऐसपैस पसरलेले असते. मोठ्या कुटुंबात असे चालायचेच. ही दोघे नाजूक आहेत, आणि आमच्यासारखे जड धातू नेमके त्यांच्याच दारात येऊन बसतात. म्हणून बाकीचे शरीर आम्हाला तिथे पोचूच द्यायचे नाही, अशा खटपटीत असते.

पहिला अडथळा आतड्यांत. तिथली दारे लोहासाठी आणि कॅल्शियमसाठी केलेली आहेत. पोट भरलेले असले, की ही पाहुणेमंडळी दारात दाटी करतात आणि आमच्यातल्या शंभरांपैकी नव्वदाहून अधिक जणांना मागच्या वाटेने निमूट बाहेर जावे लागते. पण गाठआत्या सकाळपासून दोन कप चहावर होती. दारे मोकळी. मी कॅल्शियमसारखा चेहरा केला आणि आत शिरलो.

रक्तात आल्याबरोबर तांबड्या पेशींनी आम्हाला आपल्या पोटात ओढून घेतले. आम्हाला वाटले, फुकट सवारी. खरे तर ती नजरकैद होती, कारण तांबडी पेशी मूत्रपिंडाच्या गाळणीतून पार होत नाही. यकृताने काहींना पित्तात घालून परत आतड्यात ढकलले. यकृतातच मला माझा लांबचा भाऊ कॅडमियम भेटला, नवऱ्याच्या सिगारेटच्या धुरातून आलेला. त्याच्यासाठी यकृताने एक लहानसे प्रथिन खास तयार केले होते. त्याने त्याला असे कवटाळले, की बिचाऱ्याला हात हलवून मला ओळखही दाखवता येईना.

तरीही काही जण मूत्रपिंडांपर्यंत पोचलेच. मीही जवळून पाहिले. तिथल्या पेशींनी आमच्या सोबत्यांना प्रथिनांत घट्ट गुंडाळून गाठोडी बांधली आणि आपल्याच गाभ्यात लपवून ठेवली, म्हणजे कामाच्या यंत्रणेला त्यांचा हात लागू नये. ओझे फार झाले, की काही पेशी गाठोड्यासकट गळून लघवीवाटे निघून गेल्या. गाजावाजा नाही, निरोपसमारंभ नाही. मित्रांनो, मी विष असूनही त्या दिवशी ओशाळलो.

उरलेल्यांची शरीराने सर्वांत दूरच्या खोलीत रवानगी केली, हाडांत. मला डावी नडगी मिळाली. चुनखडीच्या भिंती, शांत शेजार. हाडांतून आवाज चांगला येतो, त्यामुळे घरातले सगळे ऐकू यायचे. वीस वर्षे मी कुणाला त्रास दिला नाही. वरून रोज नवे भाऊबंद येत होते, कट्, कट्, आणि शरीर त्यांना तसेच थोपवत होते. पण कुठलीही व्यवस्था तीनशे गोळ्या रोज गृहीत धरून बांधलेली नसते.

गेल्या वर्षी गाठआत्या ओल्या जिन्यावरून घसरली. डाव्या मांडीचे हाड मोडले, तीन महिने पलंग. वापरात नसलेले हाड शरीर स्वतःच झिजवू लागते. एके दिवशी माझी भिंत विरघळली आणि मी हजारो सोबत्यांसह पुन्हा रक्तात आलो. वीस वर्षांची साठवण एकदम रस्त्यावर! तांबड्या पेशींना आवरेना, मूत्रपिंडांना गाठोडी बांधायला उसंत मिळेना.

त्यातच गाठआत्या पलंगावर टेकून नेहमीपेक्षा जास्त जाळी विणू लागली. आणि जेवण कमी केले.

"दोन घास घे ना," नवरा म्हणायचा.

"दिवसभर लोळणाऱ्या बाईला कशाला हवं जेवण? काम थोडंच करते आहे मी?" असे म्हणून ती पुढची गोळी दाढेखाली घ्यायची.

चेहऱ्यावर सूज आली, रक्तदाब चढला. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या. दोन्ही मूत्रपिंडे मंदावली होती, कारण सापडत नव्हते. त्यांनी खुर्ची जवळ ओढून सांगितले, "हे असंच घसरत गेलं, तर वर्षभरात रक्त मशीनवर शुद्ध करावं लागेल. आठवड्यातून तीनदा." त्या दिवशी नवऱ्याने खाली एकही इंजिन सुरू केले नाही. मला नडगीची आठवण येत होती.

कारण सापडणार कसे? दवाखान्याच्या कागदावर 'व्यवसाय' असा रकाना होता आणि गाठआत्याने सांगितले होते, "काही नाही. घरीच असते."

तिसऱ्या भेटीला गर्दी होती. वेळ फुकट कशाला घालवायचा म्हणून गाठआत्याने बाकावर पिशवी उघडली. डॉक्टरीणबाई पुढच्या पेशंटला हाक मारायला दारात आल्या आणि त्यांनी आवाज ऐकला. कट्.

"काय खाताय?"

"खात नाही. चावतेय."

"काय?"

"शिसं."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आणि हे किती वर्षं चाललंय?"

"तेवीस. पण ते काम नव्हे हो, बसल्या बसल्या करते."

"आ करा." त्यांनी हिरड्या पाहिल्या. दातांच्या मुळाशी निळसर रेघ होती. "ही रेघ इतके दिवस मला दिसली नाही, कारण मी बघितलीच नाही. तुमच्या त्या 'काही नाही'वर विश्वास ठेवला!"

नवरा शेजारून म्हणाला, "मी पक्कड आणून दिली होती."

"झालं, आता जन्मभर ऐका," गाठआत्या म्हणाली. मग वेगळ्याच आवाजात, "बाई, मशीन टळेल का?"

"नक्की नाही सांगत. आधी नवं शिसं आत जाणं बंद. तपासणीत फार निघालं, तर ते धरून बाहेर काढायचं औषध आहे. पण भरल्या पोटी राहायचं, हात धुऊन जेवायचं, आणि मी सांगेन तेवढं चालायचं." एवढे बोलून त्यांनी कागदावरचे 'काही नाही' खोडले आणि लिहिले : जाळी विणणे, तेवीस वर्षे.

गाठआत्या तो कागद बराच वेळ वाचत होती.

औषधाची वेळ आली नाही. पाय जमिनीला लागला, तसे हाड पुन्हा भरू लागले. आठ महिन्यांनी मूत्रपिंडांची घसरण थांबली. ज्या पेशी गेल्या त्या गेल्या. उरलेल्यांवर जुळ्यांचे काम चालते, जरा जपून. मशीन लांब राहिले. आणि मला, काय नशीब पाहा, पुन्हा डावी नडगीच मिळाली.

मित्रांनो, शिकवण सांगायची माझी लायकी नाही. पण तुमच्या घरी जे कुणी 'काहीच करत नाहीत', त्यांना एकदा विचारा, दिवसभर काय काय करता आणि ते हाताने करता की तोंडाने. त्यांना आधी जेवायला वाढा. तुमचे शरीर माझ्यासारख्यांना गुपचूप आवरते आहे, त्याच्यावर आणखी तीनशे गोळ्या टाकू नका.

पक्कड आता पलंगाच्या दांड्याला दोरीने बांधलेली आहे, गाठआत्याच्या सर्वांत पक्क्या गाठीने. अजूनही तिचा हात सवयीने गोळी घेऊन तोंडाकडे जातो. मग खालून, उघड्या इंजिनापासून हाक येते, "अगं, पक्कड!"

"माहितीये हो! तुम्हाला तिथून कसं दिसतं?"

त्याला दिसत नाही. गोळी दाबल्याचा आवाज यायला उशीर झाला, की तो हाक मारतो. मग वर पक्कडीचा आवाज होतो, जरासा भसाडा, आणि मी माझ्या भिंतीला टेकून पुन्हा झोपतो.