तळाशी राखलेली हवा

मित्रांनो, माझी चाके कुरकुरतात आणि एका कोपऱ्यावर चिकटपट्टी आहे, यावरून माझे वय ओळखा. अतिदक्षता विभागातला जुना व्हेंटिलेटर मी. ज्यांना स्वतःहून पुरेसा श्वास घेता येत नाही, त्यांना मी श्वास देतो. जरा कुठे बिनसले की ठणाणा करतो, म्हणून सिस्टर मला 'किरकिऱ्या' म्हणतात. नाव काही वाईट नाही.

एकदा शाळेतल्या एक बाई आल्या. न्यूमोनियाने त्यांची फुप्फुसे सुजून पाण्याने भरली होती. त्यांचा मुलगा सिस्टरना सांगत होता, की आई नुसती 'गोंगाट बंद' म्हणाली की वर्गच काय, गल्लीही चिडीचूप व्हायची. आता ती स्वतःच गप्प झालेली त्याला बघवत नव्हती.

फुप्फुसांत बारीक फुगे असतात. पार मिटलेला फुगा फुगवताना गाल दुखतात. आत थोडी हवा उरली असेल तर तो सहज फुगतो. म्हणून श्वास सोडल्यावरही मी तळाशी थोडा दाब राखून ठेवतो. किती, ते डॉक्टरीणबाई ठरवतात. त्यांनी तो जरासा वाढवला, रक्तातला प्राणवायू वर आला. पुन्हा वाढवला, आणखी सुधारला. मुलाचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी आणखी एक पायरी चढून पाहिली, आणि शेजारच्या मॉनिटरने बोंब ठोकली. रक्तदाब घसरला होता. त्या लगेच एक पायरी उतरल्या.

"वाढवा ना, तिला हवा हवी आहे," मुलगा काकुळतीने म्हणाला.

"अति तिथे माती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फुगे ताणले की हृदयावरही ताण येतो. इथंच थांबायचं आणि वाट बघायची."

आम्ही वाट पाहिली. पाठीकडच्या फुग्यांतही हवा पोहोचावी म्हणून सिस्टरांनी बाईंना पालथे झोपवले, सरळ केले, पुन्हा पालथे झोपवले. फुप्फुसे सुधारत गेली, तसा हळूहळू माझा दाब कमी होत गेला. आपले काम घटताना कोणाला आनंद होतो? मला होतो.

शेवटी बाईंच्या घशातून माझी श्वासाची नळी निघाली. नळी सुटली की ओरडायचे, ही माझी सवय. मी ठणाणा केला. बाईंनी डोळे वटारले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "गोंगाट बंद."

मुलगा हसता हसता रडला. सिस्टरांनी माझे बटण दाबले.

मित्रांनो, मोठेपणी माझ्याजवळ काम कराल, तर माझी गाळणी वेळेवर बदला, आणि मी ओरडलो की आधी रुग्णाकडे बघा, मग माझ्या बटणाकडे. मला गप्प करायचा खरा हक्क त्या बाईंसारख्यांचा. तो त्या स्वतःच्या श्वासाने बजावतात.