खिडकीखालची भोकं

आरी लाकडात थेट मुठीपर्यंत गेली. ग्लेनिसला जोर लावावाच लागला नाही. बाहेर काढली तर टोकाला तपकिरी चोथा चिकटला होता, चहात बुडवून विसरलेल्या बिस्किटासारखा.

"सापडलं का काही?" कुंपणापलीकडून नायरीने विचारलं. नायरी म्हणजे शेजारीण. कॅरव्हॅनच्या, म्हणजे सुट्टीत गाडीमागे ओढत न्यायच्या चाकांवरच्या घराच्या, गाद्यांना नव्या खोळी शिवून द्यायचं तिनं आपणहून अंगावर घेतलं होतं.

"सापडायला काही उरायला हवं ना! मागचा अख्खा वासा गेलाय."

"अगं, मी गाद्यांना खोळी शिवते म्हटलं होतं. आता गाडीलाच शिवायला सांगशील."

ग्लेनिस हसली, पण तिचं लक्ष लाकडात होतं. नाताळ, म्हणजे इथल्या उन्हाळ्याची सुरुवात, तोंडावर आला होता. नाताळच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ही कॅरव्हॅन खाजणाकाठच्या कॅम्पवर उभी राहिली नाही, तर टॉरन्सांची, म्हणजे ग्लेनिसच्या घरची, जागा जाणार होती.

जागा म्हणजे काय, तर मॅक्रोकार्पाच्या झाडांच्या आडोशाचा गवताचा तुकडा. पण ग्लेनिसच्या आईबापांनी लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात तिथे गाडी लावली आणि तेव्हापासून ती त्यांची झाली. कॅम्पचा कायदा कुठे लिहिलेला नव्हता, तरी सगळ्यांना पाठ होता. एक उन्हाळा चुकला तर जागा राखून ठेवायची, दुसराही चुकला तर रांगेतल्या पुढच्या कुटुंबाला द्यायची. गेल्या वर्षी नाताळाच्या तोंडावर ग्लेनिसची आई नोला गेली. कुणाचीच कुठे जाण्याची इच्छा राहिली नाही. म्हणजे चुकवण्याजोगा उन्हाळा वापरून झाला होता.

त्यानंतर तिचे वडील आर्ची टेमुकाला तिच्या घरी मागच्या खोलीत राहायला आले आणि त्यांच्या पाठोपाठ कॅरव्हॅनही आली, दुसऱ्याच्या ट्रकवर चढून, कारण ती स्वतःच्या चाकांवर येण्याच्या लायकीची राहिली नव्हती. "फुंकून टाका," आर्ची म्हणाले होते. "त्या जागेचं तरी काय करायचंय आता?" पण वायव्येचा गरम वारा सुटला की जेवता जेवता मध्येच थांबून म्हणायचे, "आपल्या जागेवर हा वारा लागत नाही बघ." मग पुन्हा घास उचलायचे. ते एक वाक्य धरून ग्लेनिसने गाडी उघडायला घेतली होती.

ती आठवड्यातले अर्धे दिवस पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. कारण कळल्याशिवाय दुरुस्तीला हात घालायचा नाही, ही तिची तिथली सवय घरीही सुटत नसे. नवा वासा बसवणं अवघड नव्हतं. पण पाणी कुठून आलं ते कळलं नाही, तर नव्या वाशाचाही चोथाच होणार होता.

म्हणून तिने मागची खिडकी सोडवायला घेतली. चौकटीच्या खालच्या कडेला फटी बुजवायच्या सिलिकॉनचा जाड थर होता. तो खरवडला तर खाली दुसरा, जरा करडा. त्याखाली पिवळा पडलेला. असे थरावर थर निघत गेले आणि तळाशी दगडासारखी कडक जुनी पुट्टी लागली. ती उडाली तेव्हा ओळीने बारीक भोकं दिसली. कडा गुळगुळीत, अंतर सारखं. ती गंजून पडलेली नव्हती, कारखान्यात मुद्दाम पाडलेली होती.

ग्लेनिस तिथेच गवतावर बसली. काचेच्या रबरातून थोडं पाणी आत येणारच, हे बांधणाऱ्यांनी धरूनच ठेवलं होतं. आलेलं पाणी चौकटीच्या पन्हळीत उतरावं आणि या भोकांतून बाहेर जावं, इतकी साधी योजना. आर्चींचा जन्म दूध पावडरच्या कारखान्यात फिटर म्हणून गेलेला. कुठे थेंब ठिबकताना दिसला की त्यांचा हात आपोआप बुजवायला जायचा. पावसानंतर खिडकीखाली पाणी ठिबकताना त्यांनी पाहिलं असणार. दर वर्षी उन्हाळा संपला की कॅरव्हॅन झाकून ठेवण्याआधी ते सिलिकॉनची नळी घेऊन चारही बाजूंनी फिरायचे, ते तिला लहानपणापासून आठवत होतं. इतक्या मायेने ते दुसऱ्या कशाचंच करत नसत. आणि आत कोंडलेलं पाणी भिंतीतून खाली जाऊन वासा खात बसलं होतं.

"मग? सापडला का चोर?"

आर्ची चहाचे दोन मग घेऊन आले होते. त्यांच्या अंगावर कारखान्यातला जुना निळा डगला होता. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांनी तो बाहेर काढला होता. ग्लेनिसने सिलिकॉनची पट्टी मुठीत दाबली.

"बघतेय, डॅड."

"त्यात बघायचं काय? तुझ्या आईची किटली! सगळ्या खिडक्या लावून किटली रटरटत ठेवायची. ती वाफ जाणार कुठे? भिंतीत. किती वेळा सांगितलं मी तिला, घसा बसला."

नोलाचं उत्तरही ग्लेनिसला पाठ होतं. 'पाऊस झाला की गादी ओली लागते, आर्ची. चहा झाल्यावर नाही.' ते उत्तर आता देणारं कुणी नव्हतं. आर्चींनी डगल्याच्या बाह्या वर सारल्या आणि कुजक्या वाशाकडे असं पाहिलं, जणू आत्ता पाना मागतील.

"हो," ग्लेनिस म्हणाली. "वाफच असणार."

नायरीला मात्र तिने खरं सांगितलं. नायरी तोंडातल्या टाचण्या काढून ठेवत म्हणाली, "वा! बापाला वाचवलंस आणि आईला विकलंस."

"आई गेलीय गं. तिला काय फरक पडतोय?"

"तुझं तोंड उतरलंय, म्हणजे कुणाला तरी पडतोय."

पण काम सुरू झालं आणि त्यात विचार करायला सवड उरली नाही. नवा वासा कापला, जुन्याच्या खाचेत बसवला. बाहेरचा पत्रा परत चढवताना सांध्यांना चिकट काळी पट्टी लावली. आर्ची पहिल्यांदा नुसते खुर्ची टाकून बसायचे आणि चुका काढायचे. मग त्यांनी कपाटांच्या खिट्या घासायला मागून घेतल्या, मग शेगडी, मग दारंच. वॉर्निशचा हात देताना ते शीळ घालायला लागले.

"सूर कुठला आहे हो हा?" नायरीने विचारलं.

"तुला नाही कळायचा. त्याला कान लागतात."

"कान आहेत म्हणून तर विचारतेय. बंद करता येईल का?"

आर्ची इतके हसले की ब्रशातलं वॉर्निश बुटावर सांडलं. ग्लेनिसने ते हसू ऐकलं आणि मनाशी म्हटलं, एवढ्यासाठी एक खोटं चालतं.

गाडीला रस्त्यावर न्यायचा दाखला मिळाला. निघायच्या आदल्या दुपारी नळीने पाणी मारून कुठे गळतंय का ते पाहणं तेवढं उरलं होतं. ग्लेनिस कामावरून आली तर आर्ची बागेची नळी हातात घेऊन तयारच उभे.

"खिडक्यांची काळजी करू नकोस," ते म्हणाले. "तू गेलीस तेव्हा मी उरकून टाकलं."

तिने पाहिलं. प्रत्येक खिडकीखाली सिलिकॉनची नवी, ओली, पांढरीशुभ्र रेघ होती. रेघ ओढावी तर आर्चींनीच. कुठे थरथर नाही, कुठे ओघळ नाही.

"भोकं तशीच सोडली होतीस तू," ते लाडाने म्हणाले. "इतकी हुशार, आणि एवढं विसरलीस!"

ते झोपल्यावर गुपचूप खरवडून काढता आलं असतं. ग्लेनिसच्या मनात ते आलंही. पण मग पुढचा उन्हाळा संपला की काय? ते पुन्हा सिलिकॉनची नळी घेणार. त्याच्या पुढच्या वर्षीही. ती किती वर्षं त्यांच्या मागून खरवडत फिरणार? आणि प्रत्येक वेळी किटलीचं नाव पुढे करणार?

"डॅड," ती म्हणाली, "ती भोकं पाणी बाहेर जायला असतात."

"पाणी बाहेर येताना पाहिलं म्हणून तर बुजवली मी!"

"बाहेर येत होतं तेच बरोबर होतं. तुम्ही बुजवल्यावर ते आत राहिलं."

आर्चींच्या हातातली नळी वाहत होती. पाणी त्यांच्या बुटांभोवती जमलं तरी ते हलले नाहीत. हा माणूस सगळी हयात पाइपांत राहिलेला. त्याला आकृती काढून दाखवायची गरज नव्हती. पाणी कुठून कुठे गेलं असेल, ते त्यांच्या डोळ्यांपुढे उतरत गेलेलं तिला दिसलं.

"मग किटली?"

"किटलीचा काही संबंध नव्हता."

"नोला सांगायची का मला?"

"सांगायची. पाऊस झाला की गादी ओली लागते म्हणून."

"आणि तुला कधी कळलं?"

"वासा उघडला त्या दिवशी."

"त्या दिवशी तू म्हणालीस, वाफ."

"म्हणाले. चुकलंच माझं."

आर्चींनी नळ बंद केला, नळी नीट गुंडाळून खुंटीला लावली आणि ते आपल्या खोलीत गेले. जेवायला हाक मारली तेव्हा आतूनच म्हणाले, "भूक नाही. उद्या तू जा. जागा तेवढी राख."

ग्लेनिस भरलेल्या गाडीकडे पाहत स्वयंपाकघरात बसून राहिली. खरं बोलून तिने गाडी वाचवली होती आणि ज्याच्यासाठी ती उभी केली, त्यालाच घरी बसवलं होतं.

सकाळी खरखर ऐकू आली म्हणून ती बाहेर गेली. आर्ची उलट्या बादलीवर बसले होते. कपड्याच्या हँगरची तार सरळ करून, टोकाला वाकवून, ते एकेक भोक मोकळं करत होते. काढलेलं सिलिकॉन डगल्याच्या खिशात घालत होते.

"पूर्ण वाळायच्या आत काढलेलं बरं," ते मागे न पाहता म्हणाले. "मर्व्हला फोन लाव."

मर्व्ह म्हणजे कॅम्पवरचा त्यांचा शेजारी, शेजारच्या आडोशातला.

"आत्ता? कशाला?"

"त्यालाही मीच शिकवलंय हे. त्याच्या पलीकडच्या दोघी बहिणींनाही. त्यांच्या पलीकडे तो लाल दाढीवाला, त्यालाही. सांग, मी येईपर्यंत सिलिकॉनच्या नळीला कुणी हात लावू नका."

कुंपणावर नायरी शिवलेल्या खोळी घेऊन उभी होती. "म्हणजे आर्ची, अख्खा कॅम्प कुजवलात तुम्ही?"

"अर्धा," आर्ची म्हणाले. "बाकीचे तंबूत राहतात."

मग ते उठले. गुडघ्यांवर हात देऊन, पण उठले. पुढच्या खिडकीपाशी जाताना ग्लेनिसच्या खांद्यावर त्यांचा हात क्षणभर टेकला. "आईवर ढकललंस ते वाईट केलंस," ते म्हणाले. "पण सुरुवात माझी होती. चल, आवर. दुपारी त्या पुलावर वाऱ्याने गाडी हलते."

टॉरन्सांची जागा रिकामी होती. कुणीतरी तिथलं गवतसुद्धा कापून ठेवलं होतं. ग्लेनिसने गाडी मागे घेऊन झाडांच्या आडोशाला लावली, चाकांना ओंडके दिले. नवे बटाटे शिजायला टाकेपर्यंत आर्ची तार घेऊन मर्व्हच्या दाराशी पोचलेही होते.

"अरे, गळेल ना ते!" मर्व्ह ओरडत होता. "तूच तर म्हणायचास, भोक दिसलं की बुजव!"

"मी गाढव होतो. तू माझं ऐकलंस, म्हणजे तू कोण ते बघ. सरक बाजूला."

तार आत गेली, वळली. सिलिकॉनचा तुकडा निसटून पडला आणि त्याच्यामागून चहाच्या रंगाचं पाणी आलं. गेल्या आठवड्यातल्या पावसाचं असावं. ते येतच राहिलं. दोघे म्हातारे खाली वाकून पाहत राहिले.

"आणि मी बायकोला म्हणायचो," मर्व्ह हळूच म्हणाला, "तू फरशी नीट पुसत नाहीस, म्हणून वास येतो."

आर्चींनी तार पँटला पुसली. "आहे ना ती आत?"

"आहे. बटाटे सोलतेय."

"मग जा आणि सांग तिला. आत्ता जा. इथलं मी बघतो तोवर."

मर्व्ह आत गेला. मग त्याच्या बायकोचा, बेरिलचा आवाज आला, असा खणखणीत की बहिणींनी आपल्या खिडकीतून माना बाहेर काढल्या: "काय म्हणत होते मी? सांग ना, इतकी वर्षं काय म्हणत होते मी?"

आर्ची भिंतीला टेकून शेवटपर्यंत ऐकत उभे राहिले. पाणी ओघळून थांबलं, तेव्हा त्यांनी मर्व्हचं स्टूल काखेत मारलं आणि बहिणींच्या दाराकडे चालू लागले.