‘सांगितलं’ नावाचं बटण

राजारामपुरीतल्या त्या ऑफिसात काहीही ठरायचं ते भांडून. खाली बेकरी, वर गुरुप्रसाद सरांची डझनभर माणसांची कंपनी. दुपारी वाद तापला की बेकरीवाला जिन्यात येऊन ओरडायचा, "आज कुणाचा मुडदा पाडताय रं?" वर मुडदा कुणाचाच पडलेला नसायचा. पडद्यावरचं एखादं बटण डावीकडं असावं की उजवीकडं, एवढ्यावरून नृसिंह आणि मैथिली हमरीतुमरीवर आलेले असायचे. नृसिंह कोड लिहायचा आणि कंप्युटरवर दिसणारे पडदे मैथिली मांडायची. मग खारी यायची, चहा यायचा, दोघं एकाच बशीत खारी बुडवायचे आणि सर म्हणायचे, "झालं समाधान? मग असंच करू." एवढ्यावर काम सुरू. कागद नाही, सही नाही.

कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. पेशंटची नोंद, औषधं, तपासण्या, आणि नातेवाइकांच्या फोनवर जाणारे निरोप. पेशंट दाखल झाला, ऑपरेशन झालं, घरी सोडणार, असं सगळं आपोआप जायचं. फक्त एक निरोप आपोआप जायचा नाही. डॉक्टरांनी पेशंट गेल्याची नोंद केली की पडदा तिथंच अडायचा. ‘थांबा. आधी माणसानं सांगायचं’ अशी ओळ यायची आणि खाली एकच बटण, ‘सांगितलं’. सिस्टरनं स्वतः जायचं, घरच्यांना जवळ बसवून सांगायचं, परत येऊन ते बटण दाबायचं. तोवर फोनवर काही म्हणजे काही जायचं नाही.

ते बटण मैथिलीचं. का, ते तिनं ऑफिसात कधी सांगितलं नव्हतं. तिच्या लेकीच्या, मोनाच्या आधी एक राहिलं होतं, चौथ्या महिन्यात गेलं. तपासणीचा रिपोर्ट फोनवर आला तेव्हा ती एकटीच रिक्षात होती, दसरा चौकात सिग्नलला. सिग्नल सुटेतो वाचून झालं होतं, आणि रिक्षावाला मान वळवून विचारत होता, ताई, आता कुठनं घेऊ? तिला त्याला रस्ता सांगावा लागला होता. डावीकडं घ्या, पुढं सरळ. आपलाच आवाज आपण बाहेरून ऐकतोय असं तिला वाटलं होतं. ऑफिसात ती एवढंच म्हणाली, "इथं थांबायला पाहिजे." आणि कशावरूनही भांडणारा नृसिंह त्या दिवशी तिच्याकडं बघून नुसतं "बरं" म्हणाला होता.

मग बंगळूरची कंपनी आली. मोठी, शेकड्यांनी माणसं असलेली. दोघांनी मिळून एकच सॉफ्टवेअर करायचं आणि ते देशभरच्या दवाखान्यांत न्यायचं असं ठरलं. सरांनी पेढे वाटले. आणि आठवड्याभरात कळलं की ही माणसं भांडतच नाहीत.

त्यांचं सगळं लेखी. मसुदा सगळ्यांपुढं ठेवायचा, ज्याला काही म्हणायचंय त्यानं समासात लिहायचं, त्याला एक तारीख. तारीख गेली, समास कोरा, तर सगळ्यांना मान्य. कॉलवर कुणी आवाज चढवायचं नाही. "मुद्दा इंटरेस्टिंग आहे" असं म्हणाले की तो मुद्दा मेला समजायचा. हे मैथिलीला ठाऊक होतं, कारण लग्नाआधी तीन वर्षं तिनं पुण्यात असल्याच कंपनीत काढली होती.

"माणसं हायत का आजारी हायत?" पहिल्या कॉलनंतर नृसिंह म्हणाला. "तासभर बोललो, एकानं सुद्धा मला येडा म्हटलं न्हाय."

त्याच वेळी तिकडच्या अभिरामचा मैथिलीला वेगळा मेसेज आला होता. अभिराम मूळ पुण्याचा, तिकडच्या बाजूचा प्रमुख, शांत मुलगा. ‘सगळं ठीक आहे ना? नृसिंह फार चिडलेत का?’ तिनं उत्तर दिलं, ‘नाही हो. आज ते खुशीत आहेत.’

निरोपांचं काम तिकडं गेलं. नव्या मसुद्यात ‘थांबा’ नव्हतं. कारण दिलं होतं: दवाखान्यांतून हे बटण जवळजवळ कुणी वापरत नाही, आणि एका प्रकारच्या निरोपाला वेगळा नियम ठेवला की सगळी रचना बिघडते. सगळे निरोप सारखे, सगळे त्या क्षणी.

"ते कमी वापरलं जातंय हे चांगलंच आहे ना," मैथिली कॉलवर म्हणाली. "कमीच वापरायला लागावं."

"इंटरेस्टिंग," कुणीतरी म्हणालं.

पुढच्या आठवड्यात अभिराम कोल्हापूरला आला. सरांनी त्याला हॉटेलात जेवू दिलं नाही, सगळ्यांनाच घरी नेलं. वहिनींनी तांबडा-पांढरा रस्सा केला होता. अभिरामच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि नृसिंह त्याच्या वाटीत आणखी तांबडा ओतत होता, "पावणं, घ्या की, बंगळूरला हे मिळणार न्हाय." तेव्हा हसता हसताच सर म्हणाले, "अभिराम, सगळं तुमच्या मनासारखं करा. फक्त ते थांबायचं बटण काढू नका हां. तेवढं राहू दे."

अभिरामनं रुमालानं डोळे पुसले. "नोटेड, सर."

सर खूश झाले. विषय मिटला. मैथिलीच्या हातातला घास मात्र तिथंच राहिला.

अभिरामला गाडीत बसवून आल्यावर ती सरांना म्हणाली, "सर, ते मी मसुद्यात लिहून टाकते."

"कशाला? ताटावर बसून शब्द दिलाय की त्यानं."

"त्यांच्यात नोटेड म्हणजे ऐकलं, सर. एवढंच."

"आणि आपल्यात ऐकलं म्हणजे झालं." सर जरा दुखावल्यासारखे दिसले. "माझ्या घरी जेवून गेलाय तो, मैथिली. वर परत लेखी मागायचं म्हणजे तू खोटं बोलतोस असं म्हटल्यासारखं. माझी मान खाली घालू नकोस."

मसुद्याच्या तारखेच्या दिवशी ती दुपारची घरीच होती. मोनाला दात येत होते, अंग कोमट होतं, पिऊन ती मैथिलीच्या मांडीवरच झोपली होती. सासूबाई बाजूला शेंगा फोडत बसल्या होत्या, आवाज होऊ नये म्हणून एकेक शेंग पदरात धरून. मैथिलीनं एका हातानं लॅपटॉप ओढला आणि त्याच हातानं मसुद्याच्या समासात लिहायला घेतलं. चार ओळी झाल्या. पाचवीत ती कारण लिहायला लागली आणि अडली. रिक्षा लिहायची? तिकडची पंचवीस माणसं वाचणार. ती ओळ खोडली. मग उरलेल्या चार बघत बसली.

सरांचा चेहरा डोळ्यांपुढून जात नव्हता. मोना झाल्यावर पुण्याच्या कुठल्या कंपनीनं तिला अर्ध्या दिवसाचं काम दिलं असतं? सर म्हणाले होते, पोरीला पाज, निजव, मग लॅपटॉप उघड, आभाळ कोसळत न्हाय. त्या माणसाच्या शब्दाखाली आपण पुरावा जोडायचा? मोना कण्हली, तोंड शोधायला लागली. मैथिलीनं चारही ओळी पुसल्या आणि लॅपटॉप मिटला. अभिराम चांगला मुलगा आहे, असं ती मनात म्हणाली. ठेवेल.

नवं सॉफ्टवेअर सगळ्यात आधी ज्या दवाखान्यात बसलं तिथल्या मोठ्या सिस्टरना सगळे आक्का म्हणायचे. दसरा झाल्यावर एका सकाळी त्यांचा फोन आला. आक्का नेहमी फोनवरसुद्धा वॉर्ड दणाणून सोडायच्या. त्या दिवशी आवाजच नव्हता.

"मैथिली, अगं तुझं मशीन माझ्या आधी बोललं की गं."

मैथिलीला काही विचारावं लागलं नाही.

"काचेच्या पेटीतलं बाळ. शाहूवाडीकडचं. दिवसांआधी झालेलं, टिकलं न्हाय. डॉक्टरांनी खाली फाइल बंद केली आणि मी वर निघाले. पाणी घेतलं, सासूला हुडकत हुते, नवरा गोळ्या आणायला गेलता. जिना चढून वर जाती तर पोरगी फोन धरून बसलीया. मला म्हणती, सिस्टर, हे काय आलंय बघा की. बारावी शिकल्याली हाय गं ती. वाचता येतंय तिला. तरी मला विचारती, हे काय आलंय."



"मी इतक्या वर्षांत कुणाला एकटं असताना सांगितलं न्हाय," आक्का म्हणाल्या आणि फोन ठेवला.

बंगळूरच्या लोकांनी त्याच दिवशी बैठक घेतली. त्यांच्याकडं अशा बैठकीचाही नियम होता: कुणाचं नाव घ्यायचं नाही, दोष माणसाचा नसतो, प्रक्रियेचा असतो. पडद्यावर ओळीनं चेहरे होते, सगळे खरोखरच उतरलेले. एक बाई हळू आवाजात घटनाक्रम वाचत होत्या. निरोप ‘वेळेत’ पोचला होता.

"एक मिनिट," नृसिंह म्हणाला. कॉलवर पहिल्यांदाच तो ओरडत नव्हता. "त्या पोरीला सांगितलं कुणी मग? प्रक्रियेनं?"



"मी तुला सांगितलंतं, अभिराम," सर म्हणाले. "माझ्या घरात. ताटावर."

"हो सर, सांगितलं होतं." अभिरामचा चेहरा पांढरा पडला होता. "मी तारखेच्या दिवशी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. समासात कुणीच काही लिहिलं नाही. मला वाटलं, तुमच्यात पुन्हा बोलणं झालं असेल, तुम्ही सोडून दिलं असेल. एक ओळ असती, सर. एक ओळ असती तरी मी ठेवलं असतं."

तो खरं बोलत होता. मैथिलीला ते त्याच्या डोळ्यांत दिसत होतं, आणि त्याहून वाईट काही असू शकत नव्हतं. सरांनी तिच्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

बटण दुपारपर्यंत परत आलं. पडद्यावर हिरवी खूण उमटली, दोन-तीन जणांनी अंगठे दाखवले. शेवटी वकिलांचा निरोप वाचून दाखवला गेला: दोन्ही कंपन्यांपैकी कुणीही त्या कुटुंबाशी संपर्क करू नये.

"सांत्वनाला जायला आमच्यात परवानगी लागत न्हाय," सर म्हणाले आणि कॉलमधून उठून गेले.

रविवारी ते गेले. आक्का जाणारच होत्या, त्यांच्याबरोबर सर आणि मैथिली. मलकापूर मागं टाकलं. दोन्ही बाजूंना भात कापणीला आलं होतं. घर रस्त्यापासून थोडं वर होतं. सर बाहेरच्या सोप्यात घोंगड्यावर बसले, मान खाली घालून. बाळाचा बाप, आदर्श, शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला होता. फार तर पंचविशीचा. सरांनी हात जोडले आणि ते तसेच जोडून ठेवले.

आदर्शनंच मग सुरुवात केली. "कंप्युटरवालं तुमीच न्हवं? मग ह्याचं जरा सांगा." त्यानं बायकोचा फोन मैथिलीपुढं धरला.

निरोप तसाच होता. ‘क्रांती यांचे बाळ. फाइल बंद करण्यात आली आहे.’ त्याच्याखाली पाच रिकाम्या चांदण्या. ‘आमची सेवा कशी वाटली?’ ह्या चांदण्या मैथिलीनं कधी पाहिल्या नव्हत्या. कुणीतरी, कुठंतरी, सगळ्या निरोपांना सारख्या लावल्या होत्या.

"रोज सकाळी हे परत येतंय," आदर्श म्हणाला. "भरल्याशिवाय थांबत न्हाय वाटतं. किती द्यायच्या असत्यात?"

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता. सरांनी तोंड भिंतीकडं वळवलं.

"काही द्यायच्या नाहीत," मैथिली म्हणाली. "मी बंद करते. हा मेसेजच काढून टाकते."

"काढू नका."

आतल्या दारात क्रांती उभी होती. डोक्याला रुमाल बांधलेला, चेहरा सुजलेला, आणि अंगावरच्या झंपरला दोन ओले डाग. मैथिलीनं नजर खाली केली. दूध कुणाच्या सांगण्यानं थांबत नाही, हे तिला कुणी समजावायची गरज नव्हती.

"तेवढ्यातच लिवलंय त्याचं," क्रांती म्हणाली. "क्रांतीचं बाळ म्हणून. दुसरं कुठं काय न्हाय. नाव ठेवायचं राहिलंतं."

मैथिलीनं रोज येणारी आठवण तेवढी बंद केली, निरोप ठेवला. उठून फोन क्रांतीच्या हातात दिला. तिला खूप काही बोलायचं होतं. आपण लिहिलेल्या आणि पुसलेल्या चार ओळींबद्दल, त्या बटणाबद्दल. पण ते बोलून हलकं तिला व्हायचं होतं, क्रांतीला नाही. म्हणून ती नुसती जवळ बसली.

बऱ्याच वेळानं क्रांतीनं विचारलं, "तुमाला लेकरू हाय?"

मैथिलीच्यानं पटकन हो म्हणवेना. "आहे. मुलगी."

"अंगावर पिती?"

"पिते."

क्रांतीनं तिच्याकडं पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग उंबऱ्यावरून बाजूला सरकत, वाट देत म्हणाली, "मग जावा आता. लई वेळ झाला. वाट बघत असंल ती, आणि तुमालाबी तटतटून यील."

आक्का उठल्या. सर उठले. मैथिलीला मात्र उठवेना. ती पदर छातीशी घट्ट धरून तशीच बसून राहिली, आणि क्रांतीनंच तिला दंडाला धरून उभं केलं.