बोरीच्या गाड्या मोजा

बोरी बुद्रुकची शीला नारायणगावच्या बाजाराला टोमॅटो घेऊन जायची. पिकअप तिची स्वतःची, माल निम्म्या आळीचा. वाटेत ओढ्यावरच्या फरशीला, म्हणजे ठेंगण्या पुलाला, भगदाड पडलं होतं. तिथं आलं की ती गाडी पहिल्या गिअरात टाकायची आणि पलीकडे पोचेपर्यंत बोलायची नाही. म्हणून जुन्नर-आंबेगावच्या मालवाहतुकीचा आराखडा होणार, कुठले रस्ते-पूल आधी करायचे ते ठरणार, असं कळल्यावर तिला वाटलं, चला, आपल्या फरशीचं काम मार्गी लागलं.

नारायणगावच्या एका मंगल कार्यालयात आराखडा भिंतीवर लागला. बोरीच्या रस्त्यापुढे दोनच शब्द होते : मालवाहतूक नगण्य.

शीला तडक टेबलापाशी गेली. "साहेब, हे मोजलं कुणी?"

"कॅमेऱ्यानं. आठ दिवस लावला होता," आराखडा करणारे मोठे साहेब म्हणाले. "चार-पाचच ट्रक दिसले."

"त्या फरशीवर ट्रक घालतंय कोण? आमी पिकअपनं माल नेतो."

शेजारी बसलेली प्राची नावाची तरुण इंजिनिअर कागद चाळत होती. ती हळूच म्हणाली, "सर, पिकअप आपल्याकडं मोटारींत धरल्या गेल्यात."

साहेबांनी तिच्याकडे बघितलंही नाही. "हरकत असेल तर लेखी द्या, बाई. सोमवारी शेवटची सुनावणी आहे, इथंच."

"लेखी कशाला? मालच आणते की," शीला म्हणाली.

त्या संध्याकाळी तिनं गावातल्या एकूणएक गाडीवाल्याचं दार वाजवलं. पप्पू तिच्या पुढंमागंच बाजाराला जायचा, तोच आधी बिथरला. "ताई, माल उन्हात उभा करायचा? मऊ पडला तर व्यापारी हातबी लावणार न्हाई."

"तास-दीड तास थांबंल. फरशी खचली तर हंगामभर थांबंल, तवा काय करशील?"

तरी पप्पू येतो म्हणाला नाही.

सोमवारी दहा गाड्या येतील, असा शीलाचा अंदाज होता. आल्या अडतीस. चौथी पप्पूची. "एका अंगाला लावा, एस्टी अडली न्हाई पायजे," असं ओरडत तिनं साऱ्या कार्यालयापुढं रांगेत लावल्या.

साहेब बाहेर आले ते तापूनच. "हे काय चाललंय? पोलिसांना बोलावू का?"

"बोलवा. तेबी मोजू लागतील."

गाडीवाले खदखदून हसले. तेवढ्यात प्राची वही घेऊन पायऱ्या उतरली. "प्राची, आत ये," साहेब म्हणाले. ती क्षणभर थांबली, आणि मग पहिल्या गाडीकडेच गेली. क्रेट किती, खेपा किती, माल कुठवर जातो, एकेकाला विचारत शेवटच्या गाडीपर्यंत पोचली. ऊन चढलं होतं. तिनं वहीतलं मोजणीचं पान बॉनेटवर ठेवून साहेबांपुढे सहीसाठी पेन धरलं.

"मी नंतर बघतो."

"न्हाई साहेब," शीला म्हणाली. "सही झाल्याबिगर एकबी गाडी हलायची न्हाई. माल आमचा नासतोय, तुमचा न्हाई. तरी आमी उभं हाओत, ते कशापायी?"

साहेबांनी रांगेवरून नजर फिरवली. पप्पू स्वतःच्या क्रेटवर ओलं पोतं टाकत होता, पण गाडीत बसला नव्हता. साहेबांनी सही केली.

त्या दिवशी पप्पूचे सात क्रेट बाजारात कुणी घेतले नाहीत. महिनाभर तो ते ऐकवत राहिला.

मग पक्का आराखडा साहेबांच्या कचेरीबाहेर लागला; शीला आणि पप्पू तो बघायला गेले. 'नगण्य' गेलं होतं. बोरीचा रस्ता मालाच्या रस्त्यांत होता आणि फरशीच्या जागी पूल धरला होता, दुसऱ्या टप्प्यात.

"झालं की मनासारखं," पप्पू म्हणाला. "चला आता, ताई."

"दुसरा टप्पा म्हंजी कंचं साल? ते कुठं लिवलंय?" असं म्हणून शीलानं गाडीची चावी त्याच्या हातात दिली आणि ती कचेरीच्या पायऱ्या चढायला लागली.