यंत्राची आंघोळ

सकाळी आठला टेबल पुसावं आणि दहाला त्याच्यावर बोटाने नाव लिहावं, इतकी धूळ! तुमच्याही घरी हेच असणार, वाचकहो. थंडी सरते, कोरडा वारा सुटतो, अर्धवट खोदलेले रस्ते उडू लागतात, आणि आपण खिडक्या लावून घेत म्हणतो, "आमच्याकडची हवाच तशी!" जणू उघड्या वाळूचे ढीग हवेनेच मागवले होते.

यंत्रवाले भाऊही तेच म्हणत. हवेतली धूळ मोजणारं यंत्र कचेरीच्या आवारात, तारेच्या कुंपणात होतं आणि ते सांभाळायची नोकरी भाऊंची. यंत्राचा आकडा रोज चौकातल्या फलकावर आणि लोकांच्या फोनवर जाई. कचेरीत एक रीत होती, कुठल्याही कागदावर नसलेली. आकडा जाण्याआधी कुंपणाभोवतीची माती नळीने भिजवायची. तिथली धूळ बसली की आकडा शहाण्यासारखा खाली! आधीच्या माणसाने ती भाऊंना शिकवली, त्याला त्याच्या आधीच्याने. सगळे तिला 'यंत्राची आंघोळ' म्हणत आणि हसत.

यंदा भाऊ रोज एकदाच्या जागी तीनदा आंघोळ घालत होते. त्याला कारण होतं. त्यांची लेक दूरच्या शहरात राहायची. तिची सहा वर्षांची मुलगी, पाय एका जागी ठरत नसत, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. दोन वर्षांपूर्वी इथे आली असताना भिंगरीला असा दम लागला की चार दिवस दवाखान्यात काढावे लागले. डॉक्टरांनी लेकीला बजावलं, "तिथला आकडा शंभराच्या आत असेल तरच न्या." शाळेला सुट्टी उन्हाळ्यात आणि धूळही उन्हाळ्यातच. त्यानंतर पोरगी आलीच नाही.

व्हरांड्यात तिच्यासाठी बांधलेला झोपाळा तसाच होता. कामाला निघताना भाऊ त्याची फळी रुमालाने पुसत, हलका झोका देत आणि तो थांबेपर्यंत उभे राहत. "अहो, बस चुकेल," बायको आतून म्हणे. भिंगरीचे पुढचे दोन दात पडून नवे आले होते म्हणे. भाऊंनी ना पडलेले पाहिले, ना आलेले. किती किती आठवण यायची त्यांना!

आणि एके दिवशी लेकीचा फोन आला. "बाबा, आठवडाभर शंभराच्या आत आहे तुमच्याकडे! आज तर ब्याण्णव! रविवारी निघतोय आम्ही."

भाऊ हातातल्या नळीसकट फाटकाबाहेर धावले. तिथे झाडूवाल्या मावशी नाकाला ओला पदर बांधून रस्ता झाडत होत्या, दर चार फटकाऱ्यांनी खोकत होत्या.

"मावशी, भिंगरी येतेय!"

"अगंबाई! छान झालं की." मावशींनी त्या टपकणाऱ्या नळीकडे पाहिलं. "पण भाऊ, पोरीला ठेवणार कुठे? त्या कुंपणात?"

भाऊंना कानशिलात बसल्यासारखं झालं. "तुम्ही तुमचं काम करा, मावशी!"

"तेच करतेय. इथली धूळ तिथे ढकलायची, वारा ती परत आणतो. तुम्ही यंत्राला न्हाऊ घालता. त्याला काय करायचीय आंघोळ? त्याला कुठे छाती आहे? छाती मला आहे, तुमच्या नातीला आहे. रागावू नका, पण आकडा कमी झाला म्हणून ती पोर आजारी पडायची राहील का?"

संध्याकाळी घरी येऊन भाऊंनी पुन्हा फळी पुसली. सकाळीच पुसलेली फळी, आणि रुमाल तांबूस! याच फळीवर भिंगरी बसणार, हसणार आणि हाच वारा छातीत भरून घेणार. आपण हे काय करून बसलो!

दुसऱ्या सकाळी भाऊंनी नळ उघडलाच नाही. फलकावर आकडा आला, दोनशे अठरा.

त्यांनीच लेकीला फोन लावला. "येऊ नका गं."

"बाबा, एका दिवसात एवढा कसा वाढला?"

"वाढला नाही. रोज एवढाच होता. मी पाणी मारून खाली आणत होतो. तुम्ही यावं म्हणून."

"मी त्या आकड्यावर भरवसा ठेवला होता, बाबा," लेक एवढंच म्हणाली. मग भिंगरीचा आवाज आला, "आजोबा, माझा झोपाळा आहे ना?"

"आहे, बाळा. रोज पुसतो." फोन ठेवल्यावर भाऊ कचेरीच्या पायरीवर बसून रडले.

कचेरीतले साहेब संतापले, "नळ कोणी बंद ठेवला?" भाऊ हात जोडून म्हणाले, "साहेब, नळ चालूच ठेवू. फक्त नळीचं तोंड रस्त्याकडे करू." तोवर दोनशे अठरा पाहून चौकात माणसं जमली होती आणि साहेबांना तोंड चुकवायला जागा उरली नव्हती. महिन्याभरात वाळूच्या ढिगांवर ताडपत्र्या आल्या, दोन खोदलेले रस्ते बुजले. तिसरा अजून तसाच आहे. मावशींचा खोकला थोडा कमी झालाय.

बंधूंनो, भगिनींनो, खरा आकडा पाहून आपण घाबरलो तरच हातपाय हलवू. गोड आकड्याने कुणाचीही छाती बरी होत नाही!

आज फलकावर एकशे चाळीस आहे. भिंगरीची सुट्टी मात्र परवा संपली. भाऊंनी आज सकाळीही फळी पुसली, रुमाल उन्हात धरून नीट पाहिला आणि झोपाळ्याला झोका देऊन ते कामाला गेले.