दोन रेघा

"थेंबो काका, मला नुसतं पाणी मिळेल का? ज्यात हे विरघळवलंय, तेच?"

कबुघोने तिसऱ्या टेबलावरून हात वर करून विचारलं, तेव्हा मी खिडकीपाशी रिकाम्या परीक्षानळ्यांचा खोका घेऊन उभा होतो. शालान्त परीक्षेतलं रसायनशास्त्राचं प्रात्यक्षिक चालू होतं. अठ्ठावीस मुलं माना खाली घालून चमच्यात पांढरी पूड तापवत होती. दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या परक्या शाळेच्या पर्यवेक्षक बाई माझ्याकडे पाहू लागल्या. पोरीने मागितलं ते नियमाला धरूनच होतं. शंका आली तर आधी नुसतं पाणी तपासायचं, हे मासेरेका सरांनी वर्षभर मुलांकडून घोकून घेतलं होतं.

मी म्हणालो, "पाणी शहरातून आणलेलं डिस्टिल्ड आहे. त्यात बघण्यासारखं काही नाही. तू तुझं काम कर."

ती खाली बसली. एकोणीस वर्षं ह्या शाळेची प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या माणसावर तिने अविश्वास का दाखवावा? तिने वीज मोजायच्या मीटरच्या दोन्ही कांड्या पुन्हा पेल्यात बुडवल्या, काट्याकडे वाकून पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला तिथूनच कळलं. मी खोका खाली ठेवला.

ते पाणी डिस्टिल्ड नव्हतं, हे त्या खोलीत एकट्या मला ठाऊक होतं.

आमचं गाव खाऱ्या तळ्याच्या काठावर. निम्मं गाव तळ्यातल्या मिठाच्या वाफ्यांवर जगतं आणि उरलेलं निम्मं त्या मिठाच्या ट्रकांवर. विहिरी मचूळ, नळाचं पाणीही तसंच. आम्ही त्यातच वाढलो, आम्हाला काही वाटत नाही. पाहुण्यांना मात्र पहिल्या घोटातच कळतं. माझ्या थोरल्या मुलीला, मासिकाला, मागणी घालायला फोर्ट पोर्टलकडची माणसं आली, तेव्हा असंच झालं. ते चहाच्या मळ्यांतले लोक. मुलाच्या काकांना सगळे अमूती म्हणत. त्या अमूतींनी आमच्या चहाचा एक घोट घेतला, कप अलगद खुर्चीखाली सरकवला आणि हसून म्हणाले, "तुमच्याकडे साखर महाग दिसते. मिठावर भागवता."

सगळे हसले, मीही हसलो. आत मासिका रडत होती हे मला नंतर बिराने, माझ्या बायकोने, सांगितलं. मुलीच्या बदल्यात त्यांनी आम्हाला बकऱ्या किती द्यायच्या हे ठरवायला तीच माणसं पुन्हा येणार होती, आणि नेमकं त्याच आठवड्यात मी परीक्षेसाठी शहरातून, कासेसेहून, वीस लिटर डिस्टिल्ड पाणी आणून कोठीत ठेवलं होतं. पिवळा कॅन, त्यावर शाळेचं नाव. मी तो सायकलला बांधला आणि घरी नेला. निम्मं वापरू, निम्मं परत आणू, असं मनाशी म्हणालो होतो. चोराच्या मनातही बहुधा निम्म्याचाच हिशोब असतो.

बिराने चहाही त्याच पाण्यात केला आणि मटणही. अमूतींनी तीन कप चहा घेतला. "आता कसं," म्हणाले. लग्न ठरलं. त्या दिवशी मी किती ताठ मानेने अंगणात फिरत होतो ते आठवलं की आजही कानशिलं तापतात.

दुसऱ्या दिवशी रिकामा कॅन शाळेच्या नळाखाली धरला. भरल्यावर ओंजळभर पिऊन पाहिलं. गोड लागलं. खाऱ्या गावात जन्मलेली जीभ ती, तिला काय डोंबल कळणार. परीक्षेला पाच दिवस होते. पुन्हा कासेसेला जाऊन आलो असतो तर कुणी विचारलंही नसतं. पण मी गेलो नाही, कारण पाणी म्हणजे पाणी, त्यात कोण बघायला बसलंय, असं मला वाटलं. मासेरेका सरांच्या तासाला मागे उभं राहून एकोणीस वर्षं ऐकूनही मला असं वाटलं, ह्याची लाज वेगळीच.

सर हा धडा फार छान शिकवायचे. म्हणायचे, मिठातले अणू म्हणजे एकाने दिलं आणि दुसऱ्याने घेतलं, असा व्यवहार. पाण्यात पडले की दोघं सुटे होतात, इकडून तिकडे धावतात, आणि त्यांच्यावरून वीज जाते. साखरेचं तसं नाही. तिथे अणूंची भागीदारी असते, दोन घरांनी मिळून एक वाफा करावा तशी. इलेक्ट्रॉन दोघांच्या मालकीचे, कुणी कुणाला दिलेले नाहीत. पाण्यात साखर विरघळते ती रेणूच्या रेणू, आतली भागीदारी मोडत नाही. सुटं धावणारं कुणी नाही, म्हणून वीज जायला वाट नाही, काटा शून्यावर. रेणूच्या आत घट्ट, पण एका रेणूची शेजारच्या रेणूवर माया बेताची, म्हणून साखर चमच्यात लगेच वितळते आणि मीठ लाल आचेवरही ढिम्म राहतं. हे सगळं सांगून झालं की सर फळ्यावर टिचकी मारायचे. "पण मी सांगतो म्हणून लिहू नका. दिसेल ते लिहा. रसायनशास्त्र डोळ्यांनी करायचं, पाठांतराने नाही."

परीक्षेत दोन पुड्या होत्या, एक मिठाची आणि एक साखरेची, नावं न सांगता. चमच्यात तापवली की साखरेचा करपल्याचा वास सगळ्या खोलीत पसरला. मुलांनी ओळखलं. सत्तावीस जणांनी साखरेच्या पाण्यात कांड्या बुडवून काट्याकडे पाहिलं न पाहिलं आणि लिहून टाकलं, काटा हलला नाही. कबुघोने पाहिलं. काटा दोन रेघा हलला होता. तिने तेच लिहिलं, आणि पुढचे सगळे प्रश्न त्या एका उत्तराला बांधलेले होते.

नियम असा की त्याच वेळी शिक्षकानेही शेजारच्या खोलीत तोच प्रयोग करायचा आणि आपले आकडे पाकिटात बंद करून उत्तरपत्रिकांबरोबर कंपालाला परीक्षा मंडळाकडे पाठवायचे. तपासणारे त्या आकड्यांवरून गुण देतात. सरांनी मला हाक मारली. मी गेलो तर ते मीटर हातात घेऊन हलवत होते.

"थेंबो, साखरेला दोन रेघा येतायत. पाणी डिस्टिल्डच ना?"

इथे माझी दुसरी संधी होती. सरांनी तेव्हा पाकिटात दोन लिहिलं असतं तर कबुघो बरोबर ठरली असती. उरलेल्या सत्तावीस जणांचं काय झालं असतं हा प्रश्न होता खरा, पण त्यांचा विचार करून मी गप्प बसलो असं म्हणेन तर ते खोटं होईल. माझ्या डोळ्यांपुढे माझी नोकरी होती आणि अमूतींचे तीन कप होते.

"डिस्टिल्डच आहे सर," मी म्हणालो. "मीटर जुनं झालंय."

सरांनी मीटर खाली ठेवलं. मग पेन काढून त्यांनी शून्य लिहिलं.

परीक्षा सुटल्यावर मुलं अंगणात उत्तरं जुळवायला लागली आणि कबुघो एकटी पडली. तिने सगळ्यांदेखत सरांना विचारलं. सर थकले होते, वर मनात कुठेतरी त्यांनाही टोचत असणार. म्हणाले, "सत्तावीस जणांना एक दिसतं आणि तुला एकटीला दुसरंच. मग चूक कुणाची?" तेव्हापासून पोरांनी तिचं नाव पाडलं, दोन रेघा. तळ्यावर पाण्यात उतरली तरी काठावरून ओरडायचे, "दोन रेघा, पाणी किती खोल गं?"

हे मी रोज ऐकत होतो. शाळेत जायचा माझा रस्ता तळ्यावरूनच जातो.

जानेवारीत निकाल लागला. कबुघो पास झाली, पण रसायनशास्त्राची श्रेणी एका पायरीने कमी पडली. तिला दवाखान्यात रक्त तपासणाऱ्यांच्या शिक्षणाला जायचं होतं, त्यासाठी अर्जही भरून ठेवला होता. त्या एका पायरीवर तो अडला. वडील नाहीत, आई म्बाम्बूचा एक वाफा. ती वाफ्यावर उभी राहायला लागली. मग एक दिवस बिरा बाजारातून आली आणि सहज बोलावं तसं म्हणाली, "म्बाम्बू पोरीला मिशनच्या दवाखान्यात घेऊन गेली होती म्हणे, डोळे तपासायला."

मी विचारलं, मग?

"डोळे चांगले आहेत म्हणाले. म्हणून म्बाम्बू जास्तच चिडली. डोळे चांगले असून दिसत नाही म्हणजे काय."

त्या दिवशी मी जेवणाचं ताट बाजूला सारलं. बिराला कॅनचं पाणी कुठलं ते मी कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. तिने ताट उचललं आणि धुवायला घेतलं. बराच वेळ एकच ताट घासत होती.

दुसऱ्या दिवशी मी मासेरेका सरांच्या घरी गेलो आणि उभ्या उभ्या सगळं ओकलो. मला वाटलं होतं ते ओरडतील, मला हेडमास्तरांकडे ओढत नेतील. तसं झालं तर बरं, असंही वाटत होतं. सर नुसते खाली बसले.

"मला कळलं होतं, थेंबो," ते म्हणाले. "मीटर नवं होतं. मागच्याच वर्षी मीच आणलं होतं." मग म्हणाले, "आता लिहून कळवलं की माझं शून्य खोटं, तर अख्ख्या शाळेचा निकाल रद्द करतील. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस जणांचा. तिचासुद्धा."

ती पुन्हा परीक्षेला बसू शकेल, फी मी भरतो, असं मी म्हणालो. सर म्हणाले, ते मला नको सांगूस. जिला सांगायला हवं तिला सांग. आणि स्वतः ते माझ्याबरोबर आले नाहीत. मी त्यांना त्याचा दोष देत नाही. दोष द्यायची माझी काय लायकी.

तळ्यावर गेलो तेव्हा उन्हाने पाणी आटून वाफ्यांवर मिठाची साय धरली होती. दहाबारा बायका गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. म्बाम्बू वाकून मीठ ओढत होती, कबुघो टोपली धरून होती. तिच्या पोटऱ्यांवर पांढरे चरे पडले होते, चार महिन्यांत. मी चपला काठावर काढल्या आणि पाण्यात शिरलो.

म्बाम्बू म्हणाली, "काय थेंबो भावजी, आज शाळा बुडवली?"

"वहिनी, परीक्षेतलं पाणी खोटं होतं," मी म्हणालो. आवाज इतका बारीक आला की मलाच तो परका वाटला. "मी बदललं होतं. नळाचं घातलं होतं. कबुघोला जे दिसलं ते खरं होतं."

कबुघोने टोपली खाली ठेवली नाही. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "काका, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा."

मी सांगितलं. पहिल्यापासून सांगितलं. तिने नुसतं पाणी मागितलं होतं आणि मी नाही म्हणालो होतो, हेही सांगितलं. बायका एकेक करून कंबर ताठ करून उभ्या राहिल्या. पलीकडच्या वाफ्यावरच्या म्हातारीने विचारलं, मग ते चांगलं पाणी गेलं कुठे? मी म्हणालो, मुलीच्या सासरच्यांना चहा केला. कुणीतरी हसेल म्हणून मी वाट पाहिली. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

कबुघो आईकडे वळली. "आई, काटा हलला होता."

म्बाम्बूने हातातलं मीठ टोपलीत टाकलं. कमरेच्या कापडाला हात पुसले, तरी ते खारटच राहणार हे तिला माहीत होतं, म्हणून मनगटाच्या वरच्या कोरड्या भागाने तिने मुलीच्या डोळ्यांवरून हलकेच पुसल्यासारखं केलं. आधी एका डोळ्यावरून, मग दुसऱ्यावरून.

"हलला होता," ती म्हणाली.

मग दोघी पुन्हा वाकल्या आणि मीठ ओढायला लागल्या. मला कुणी जा म्हणालं नाही, थांबही म्हणालं नाही. मी तसाच पाण्यात उभा राहिलो.